एक जूनच्या बहिणी

आमच्या स्टाफरूममध्ये एकवीस माणसं आहेत आणि त्यांतल्या नऊ जणांचा वाढदिवस एक जूनला असतो. केक एकच आणतात, त्यावर नाव घालत नाहीत. मी संख्याशास्त्र शिकवते. एकवीसपैकी नऊ माणसं योगायोगानं एकाच तारखेला जन्मण्याची शक्यता किती, हे गणित मी दर वर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गाला घालते. पोरं दशांश चिन्हापुढे शून्यं लिहून दमली, की सांगते, बाळांनो, ह्यात योगायोग नाही, ह्यात गुरुजी आहेत. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराला सहा वर्षं पुरी झालेली लागायची, आयांना तारीख आठवायची नाही. मग गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. आमची अख्खी पिढी अशी एका दिवशी जन्माला आली.

मीही त्यातलीच. चंद्रकला तौर, जन्म एक जून १९७८. माझी धाकटी बहीण सत्यभामा, जन्म एक जून १९७९. तिला सगळे भामा म्हणतात आणि ती मला अक्का म्हणते. तारखा खोट्या आहेत हे मला आधीपासून माहीत होतं. पण मी थोरली आणि ती धाकटी, ह्याबद्दल ह्या वर्षीच्या, म्हणजे २०३८च्या फेब्रुवारीपर्यंत मला तिळमात्र शंका नव्हती. आता मे संपत आला, महिनाअखेर मी निवृत्त होणार, आणि माझा गोंधळ काही मिटलेला नाही. म्हणून लिहून काढते आहे.

भामा सेलूला असते. तीस वर्षं तिनं ब्लाऊज शिवले. तीन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग विझायला लागला. ह्या आजारात कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. माणसाच्या चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग दिसतो. त्यामुळे भामा माझ्याशी बोलताना मान डावीकडे वळवते आणि भिंतीकडे बघत बोलते. आधी सुई ओवणं गेलं, मग मशीन, मग भाकरीवर पडलेला डाग कळेनासा झाला.

ह्यावर आता एक इंजेक्शन निघालं आहे. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर दुरुस्त जनुक बसवतात आणि तो विषाणू डोळ्यात सोडतात. अजून जिवंत असलेल्या पेशी त्यानं सावरतात. मेलेल्या मात्र उठत नाहीत, म्हणून वेळेला महत्त्व. डॉक्टरांनी भामाला वर्षभराची मुदत दिली होती, त्यानंतर इंजेक्शन देऊन उपयोग नाही. औषध फार कमी बनतं, म्हणून सरकारी योजनेत साठीच्या आतल्यांनाच मिळतं. साठीच्या आदल्या दिवशी डोळा सुधारतो आणि दुसऱ्या दिवशी सुधारत नाही, असं निसर्गात काही नसतं. पण सरकारला कुठंतरी रेघ मारावी लागते.

कागदावर भामा अठ्ठावन्न वर्षांची. मी निर्धास्त होते.

"एक जून चालत नाही, मॅडम," नेत्रकेंद्रातले समुपदेशक भालेराव म्हणाले. चाळिशीचा सज्जन माणूस, शर्टाला कडक इस्त्री. "जन्माची नोंद नसेल आणि तारीख एक जून असेल, तर सिस्टीम घेतच नाही. कालमापी करावी लागेल."

कालमापी म्हणजे रक्ताची चाचणी. आपल्या जनुकांवर बारीक रासायनिक खुणा असतात. वय वाढतं तशा काही खुणा पडतात, काही पुसल्या जातात. यंत्र अशा लाखो खुणा मोजतं आणि त्यावरून जन्माला किती काळ झाला हे सांगतं. पण दोन माणसांची शरीरं सारखी नसतात. कुणाच्या खुणा भराभर पडतात, कुणाच्या सावकाश. म्हणून प्रामाणिक यंत्र एक आकडा सांगत नाही, एक आलेख काढून देतं.

भामाचा आलेख आठवड्यानं आला. मध्ये उंच, दोन्हीकडे उतरता, मी आयुष्यभर फळ्यावर काढत आले तस्सा. मध्य एकोणसाठ पूर्णांक चार वर्षं. प्रमाण विचलन, म्हणजे साधारण चुकण्याचा पल्ला, शून्य पूर्णांक आठ वर्षं.

भालेरावांनी आलेखाच्या शिखरावर पेन टेकवलं. "हे बघा, एकोणसाठ पूर्णांक चारवर रेषेची उंची शून्य पूर्णांक पाच आहे. म्हणजे ताईंचं वय इतकं असल्याची पन्नास टक्के खात्री."

माझ्या स्वभावाला औषध नाही. "तुम्हाला हे कुणी शिकवलं?" मी म्हणाले. "वर्षांऐवजी महिन्यांत मोजलं तर हीच उंची बारापट खाली येईल. एकक बदलल्यानं खात्री कमी होते का कधी?"

त्यांनी पेन उचललं. मग मी त्यांना ज्वारीची रास सांगितली. खळ्यावर ज्वारीची लांबलचक रास घातली आहे, मध्ये उंच, कडेला निमुळती. एखाद्या नेमक्या जागी, सुईच्या टोकाएवढ्या, ज्वारी किती? काहीच नाही. तिथली उंची सांगता येते, पण उंची म्हणजे धान्य नव्हे. ह्या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत किती, असं विचारलं तरच पायली लावून मोजता येतं. वयाचंही तसंच. भामा नेमक्या अमुक क्षणाला जन्मली असण्याची शक्यता शून्य. साठच्या अलीकडे रास किती पडली, एवढंच विचारायचं.

"मग किती?" भालेरावांनी विचारलं.

साठ वजा एकोणसाठ पूर्णांक चार, भागिले शून्य पूर्णांक आठ. पाऊण. पाऊणचा आकडा मला तोंडपाठ आहे. "सत्त्याहत्तर टक्के," मी ऐटीत सांगितलं.

त्यांनी संगणकावर बघितलं आणि मान हलवली. "बरोबर. पण योजनेत नव्वद लागतात."

हात दाखवून अवलक्षण. भामा भिंतीकडे बघत म्हणाली, "अक्का, तू त्यांच्याशी भांडू नको. न्हाई तर न्हाई."

भालेरावांना बिचारीची दया आली असावी. त्यांनी एक फॉर्म काढला. सख्ख्या भावंडानं स्वतःची कालमापी केली आणि दोघांमध्ये थोरलं कोण हे दोघांनी शपथेवर लिहून दिलं, तर यंत्र दोन्ही आलेख एकत्र करून नवं उत्तर काढतं. हे शास्त्राला धरून आहे. भामा माझ्यापेक्षा लहान आहे हे एकदा पक्कं झालं, की तिच्या राशीतला माझ्यापलीकडचा भाग गळून पडतो आणि उरलेली रास अलीकडे सरकते.

मी तिथल्या तिथं बाही वर केली. मी थोरली, माझं वय साठीला टेकलेलं येणार, भामा आपोआप खाली येणार. मला तर पेढे वाटावेसे वाटत होते.

माझा आलेख आला. मध्य एकोणसाठ पूर्णांक एक.

मी कागद उलटा करून पाहिला. नाव माझंच होतं. पल्ला तोच, शून्य पूर्णांक आठ. माझं शिखर भामाच्या शिखराच्या अलीकडे, जवळजवळ चार महिन्यांनी. थोरली मी, आणि रक्त म्हणतं मी धाकटी.

मला हसावं की रडावं कळेना. दुसऱ्या दिवशी दोन तास मोकळे होते, तेव्हा रिकाम्या वर्गात बसून मी गणित मांडलं. दोन आलेखांच्या फरकाचाही एक आलेख असतो, त्याचा पल्ला जास्त रुंद असतो, म्हणून चार महिन्यांवरून लगेच काही ठरत नाही. शिवाय सख्ख्या बहिणींमध्ये चार महिन्यांचं अंतर असूच शकत नाही. आम्ही जुळ्या नाही, तेव्हा किमान साडेनऊ महिने तरी हवेत. म्हणजे कुणा एकीचं किंवा दोघींचंही रक्त थोडं चुकतंय. ती अट घातली आणि उत्तर आलं. भामा थोरली असण्याची शक्यता तीनात दोन. मी थोरली असण्याची तीनात एक.

मग पुढचं. मी थोरली हे खरं धरलं, तर भामा साठीच्या आत असण्याची शक्यता अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या पुढे जाते. ती थोरली हे खरं धरलं, तर उरते जेमतेम निम्मी. नाणेफेक.

मी फळ्यासमोर बसून राहिले. आपल्याला हवं ते उत्तर यावं म्हणून अट निवडायची नाही, अट आधी खरी असावी लागते, हे वाक्य मी तीस वर्षं पोरांना लिहून देत आले. परीक्षेत त्यावर दोन मार्क असतात.

आईला विचारायची सोय नाही, ती जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली. वडील तिच्यामागोमाग गेले. धाकटा भाऊ दत्ता पुण्यात आहे, पण आमच्या शाळाप्रवेशाच्या वेळी तो आठ महिन्यांचा होता. उरली भामा. रविवारी दुपारी मी सेलूला गेले.

ती तांदूळ निवडत बसली होती, बोटांनी. खडा बोटाला लागला की बाजूला. मी तिला आलेखाचं सांगितलं, तीनात दोनचं सांगितलं. ती निवडत राहिली.

"काहून एवढं लांबण लावायलीस, अक्का?" ती म्हणाली. "मला ठावंच हाय ते."

"काय ठाऊक आहे?"

"मी थोरली हाय."

ती हे अशा आवाजात म्हणाली, की जणू उद्या बाजार आहे असं सांगते आहे.

"गुरुजी घरी आलते ना नाव लिव्हायला," भामा म्हणाली. "आठवतं का तुला? उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. हात पोचला की पोर शाळंत. तुहा पोचला. मह्या उजव्या कडंवर दत्ता हुता. मी डावा हात वर केला. गुरुजी म्हनले, डावा न्हाई, उजवा. उजवा कसा काढू? पोरगं पडलं असतं."

"खाली ठेवायचं ना त्याला!"

"मायनं सांगितलं हुतं, खाली ठेवू नको. मी न्हाई ठेवलं. गुरुजी म्हनले, हिचा पोचत न्हाई, हिला पुढच्या साली आणा. झालं. तुहं नाव थोरलीचं, महं धाकटीचं."

"आणि आई? आई काही बोलली नाही?"

"माय चुलीपाशी हुती. मागून म्हनली, आता लिव्हलं ते लिव्हलं, कशाला गुरुजीला नाराज करता. शाळंत जाती ती अक्का. मंग मी बी म्हनू लागले."

आता माझी पंचाईत ऐका. मलाही तो दिवस आठवतो. गुरुजींची काळी टोपी आठवते, आणि दत्ता माझ्या कडेवर होता हे आठवतं. त्याच्या लाळेनं माझा खांदा ओला झाला होता, तो गारवा मला आजही जाणवतो. मी तसं भामाला म्हणाले.

"तो कुनाच्या ना कुनाच्या कडंवर असायचाच की," ती म्हणाली. "त्या दिवशी मह्या हुता."

"तू सहा वर्षांची होतीस. चुकत असशील."

"तू पाचाची हुतीस."

मला राग आला, खरं सांगते. साठ वर्षं मी थोरलेपणा केला होता. भामाचं लग्न मी ठरवलं, तिच्या मुलाचं कॉलेज मी निवडलं, तिनं कुठल्या रंगाची साडी घ्यावी हेही मीच सांगत आले. आणि ही बया सगळं ऐकून घेताना मनात जाणून होती.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?" मी जवळजवळ ओरडले.

"आधी भ्या वाटलं, तुहं नाव कापतील. मंग सवय झाली." ती हसली. "आन् थोरलीला लई व्याप असतो. धाकटीला कुनी काही इचारत न्हाई. मजेत गेलं महं."

मजेत गेलं नव्हतं, हे मला माहीत आहे. ती एक वर्ष उशिरा शाळेत आली, तोवर दत्ता तिच्या अंगवळणी पडला होता. तिसरीतच तिचं नाव शाळेतून काढलं. मी बोर्डिंगला गेले, एमएस्सी झाले, नोकरीला लागले. घरात एकीलाच शिकवायचं होतं, ती थोरली. माझं सगळं आयुष्य एका कानाला पोचलेल्या हातावर उभं आहे, आणि तो मान तिचा होता. मला तिचे पाय धरावेसे वाटले. पण आमच्यात तसली रीत नाही, आणि खरं तर मला अजूनही वाटत होतं, की दत्ता माझ्याच कडेवर होता.

"फारमात काय लिव्हायचं, ते सांग," भामा म्हणाली.

मी समजावलं. ती थोरली असं लिहिलं तर नाणेफेक, इंजेक्शन गेलं. मी थोरली असं लिहिलं तर मिळालं.

"मंग लिव्ह ना."

"शपथेवर खोटं लिहू?"

"तुला पक्कं ठाव हाय का, खोटं हाय म्हनून?"

"पक्कं नाही. तीनात दोन. तुझी गोष्ट खरी धरली तर आणखी जास्त."

"मंग ते उरलेलं एक लिव्ह."

"भामे, असं नसतं गं! उत्तर बघून अट निवडायची नसते. मी पोरांना काय शिकवते आणि—"

"पोरांना डोळं हायेत," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. तिनं सवयीनं मान वळवली आणि दाराकडे बघत बोलू लागली. "दोन साल झाले, मी तुहं तोंड न्हाई पाहिलं. आवाज येतो आन् तोंडाच्या जागी धूर. नातवाचं तर पाहिलंच न्हाई, कसा दिसतो ते. तवा दत्तासाठी धाकटी झाले. आता मह्यासाठी हुते. ह्यात तुहं काय जायलं?"

माझं जात होतं. आत्ताच कुठे मला कळलं होतं, की हिचं काहीतरी माझ्याकडे राहून गेलंय, ते परत करायला पाहिजे. आणि तिचे डोळे वाचवायचे तर तेच मला पुन्हा एकदा, आणि ह्या वेळी सही-शिक्क्यानिशी, घ्यायला लागणार होतं. मी हे तिला सांगायचा प्रयत्न केला, पण रडू आलं आणि वाक्य अर्धवट राहिलं. भामानं तांदळाचं ताट बाजूला सारलं आणि चहा टाकला.

मार्चमध्ये आम्ही सह्या केल्या. फॉर्मवर दोनच चौकटी होत्या, थोरली आणि धाकटी. तीनात एकला चौकट नव्हती. मी थोरलीवर खूण केली. भामानं कागद डोळ्यांच्या कडेला धरून, बोटानं रेघ चाचपत सही केली. भालेरावांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवले आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"मॅडम, थोरल्या तुम्ही. पण तुमचं शिखर तर अलीकडे दिसतंय."

"शिखराला काय विचारता?" मी म्हणाले. "उंची म्हणजे धान्य नव्हे, सांगितलं होतं ना? दोन्ही राशी एकमेकींत किती मिसळल्यात ते बघा. असं सहज होऊ शकतं."

ह्यातला एकही शब्द खोटा नव्हता. असं होऊ शकतं. तीनात एकदा होतं. भालेरावांनी आदरानं मान डोलावली आणि मला माझीच लाज वाटली. यंत्रानं अठ्ठ्याण्णव टक्के दाखवले. मंजुरीचा शिक्का बसला.

त्या दिवसानंतर मी वर्गात अटींचं प्रकरण भरभर संपवलं. एका मुलीनं विचारलं, अट खरी आहे की नाही हेच माहीत नसेल तर काय करायचं? मी म्हणाले, अभ्यासक्रमात नाही.

इंजेक्शन झालं. सहा आठवड्यांनी, गेल्या मंगळवारी, तपासणीला बोलावलं होतं. अंधाऱ्या खोलीत डॉक्टरांनी भामाला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. वरच्या तीन ओळी तिनं वाचल्या, चौथीत अडखळली. डॉक्टर खूश झाले, दिवा लावला आणि कागद आणायला बाहेर गेले.

भामा खुर्चीत वळली. मान वाकडी न करता वळली. तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश, आणि मला एकदम कुठं बघावं ते सुचेना. मी वर्गातल्या पोरीसारखी पदर नीट केला.

"चंदे," ती म्हणाली, "लई म्हातारी झालीस की गं."

चंदे मला फक्त आई म्हणायची. तीनात दोन, तीनात एक, कुणाच्या कडेवर कोण, काही सुचेना. मी तिचा हात धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "अक्का."

तेवढ्यात दारात भालेराव आले. भामानं माझ्या दंडाला करकचून चिमटा काढला.

"हळू बोल. कागद झालाय," ती पुटपुटली, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाली, "अक्का, ती पिशवी घे बरं महीवाली."

मी घेतली. थोरलीनं सांगितल्यावर घ्यावीच लागते.